सल्ला गार

"ज्याची गाडी नाल्यात फसली, त्यालेच दुसऱ्याले रस्ता सांगाची लय हौस!"

हे वाक्य आमच्या शेजारच्या, निवृत्त रामराव पोस्टमास्तरांचं. माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला, माझाच पेढा तोंडात असताना, मला ऐकू येईल इतक्याच हळू आवाजात त्यांनी ते म्हटलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उद्योगातल्या माणसाला हे जमावं लागतं. माझा उद्योग बुडाला होता ही गोष्ट वेगळी.

कसा बुडाला ते थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायला आमची मंडळी, म्हणजे आशाबाई, समर्थ आहे. अमरावतीला यंत्रशाळेत दोन वर्षं काढून मी गावी आलो आणि शेंगा फोडायचं यंत्र काढलं. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झालेली, जिल्हा परिषदा नव्या नव्या होत्या, जो तो म्हणायचा, काहीतरी नवं काढा. मी काढलं. ऑइल इंजिनावर चालणारं, 'शेंगफोड्या' नावाचं. मलकापूरचे चार व्यापारी आणि फेटा बांधलेले एक पाहुणे यांच्यासमोर ते चालवून दाखवलं. वरून शेंगा टाकल्या. टरफलं पंख्याच्या वाऱ्यानं अशी सुरेख उडाली की निम्मी पाहुण्यांच्या फेट्यावर जाऊन बसली. आता खाली टोपलीत दाणे पडायचे. सगळे वाकून बघायला लागले. पडलं ते कूट.

एका व्यापाऱ्यानं चिमूटभर तोंडात टाकलं आणि गंभीरपणे म्हणाला, "मीठ कमी हाये."

मी यंत्रात दुरुस्ती केली. कूट आणखी बारीक झालं. तीन यंत्रं खपली होती, ती तिन्ही ज्या खोक्यांतून गेली त्याच खोक्यांतून परत आली.

त्यानंतर नागपूरला लघुउद्योगाचं आठ दिवसांचं शिबिर होतं, तिथं मी गेलो. व्याख्यान द्यायला एक गृहस्थ आले. त्यांचा साबणाचा कारखाना होता. होता म्हणजे, बंद पडला होता. त्यांच्या साबणाला फेसच येत नव्हता म्हणे. पण त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार, डोक्यावर पंखा आणि समोर दीडशे माणसं माना डोलावत बसलेली! मी विचार केला, यांचा कारखाना बुडाला तर यांना हार, आणि माझा बुडाला तर मला शेंगदाण्याची चटणी? रोज? दोन्ही वेळा? (परत आलेल्या यंत्रांबरोबर चाचणीचं कूटही शिल्लक होतं.)

त्या गृहस्थांनी प्रत्येकाला सायक्लोस्टाइल केलेला एक कागद दिला. त्यावर एकवीस प्रश्न होते. नवा उद्योग काढणाऱ्याला हे विचारायचे, म्हणाले. त्यापुढंही ते काहीतरी महत्त्वाचं बोलले, पण माझं लक्ष हाराकडं होतं.

अशा रीतीनं मी उद्योग सल्लागार झालो.

धामणगाव बढ्याकडं जाणाऱ्या एस.ट्या ज्या फाट्यावर थांबतात, तिथं आमचं घर आणि पुढं यंत्राचं दुकान. दुकान रिकामंच होतं. बाकीची यंत्रं भंगारात दिली, उरलेला एक शेंगफोड्या कोपऱ्यात पोत्यानं झाकून ठेवला आणि पुढं टेबल, दोन खुर्च्या आणि एक बाकडं मांडलं. आशाबाईनं सगळं बघितलं आणि तिच्या भावाला बोलावणं पाठवलं.

शेषराव, म्हणजे माझा साळा, एका जिनिंगमध्ये नोकरीला. आल्या आल्या म्हणाला, "भाऊजी, आमच्या फाटकावर एक जागा हाये. कापसाच्या गाड्या आल्या का गाडीवानाले पत्र्याचा बिल्ला द्याचा अन् जाताना परत घ्याचा. सावलीतलं काम हाये."

"कोणाच्या हाताखाली?"

"माह्याच की!" तो आनंदानं म्हणाला.

आशाबाईनं मुदत घातली. "पोयापर्यंत थांबतो मी. तोवर तुमच्या सल्ल्यानं एका तरी मानसाचा धंदा उभा राह्यला पायजे. नाही राह्यला, तर पोयाच्या दुसऱ्या दिवशी बैलंबी कामाले लागतेत अन् तुमीबी."

पोळ्याला चार महिने होते. मी म्हटलं, चार महिन्यांत चार उभे करीन.

तर पाटी. पाटी रंगवली तुळशीराम पेंटरनं. फळी आमच्याच खोक्याची. मी त्याला बजावलं, अक्षर मोठं काढ, एस.टी.तून दिसलं पाहिजे. आता मी लिहून दिलं होतं 'उद्योग सल्लागार'. तुळशीरामानं अक्षर मोठं काढलं. इतकं मोठं की 'उद्योग सल्ला' लिहून झालं आणि फळी संपली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग 'गार' खाली घेतलं," तुळशीराम म्हणाला. "खाली जागा लय उरली. जरासं अक्षर काढलं तर कसंतरीच दिसे, म्हणून दुप्पट काढलं. निया रंग बी उरलाच व्हता."

"आणि ही वरती पांढरी ढेकळं कसली?"

"बरफ हाये तो."

"बर्फ? काऊन बे?"

"आता गार म्हनलं तर बरफ नको का?" त्यानं माझ्याकडं अशी दया करून पाहिलं की मीच ओशाळलो.

रामराव पोस्टमास्तर पाटीखाली उभे राहिले, चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला. "व्याकरणात चूक नाही," त्यांनी निर्वाळा दिला. "सल्ला कसा? तर गार. बाकी उत्तमराव, मी चोवीस वर्षं झाली या ओट्यावर बसून सल्ला देऊन राह्यलो. फुकट. कोणी घेत नाही. तुह्याकडून इकत घेईन का?"

मी म्हटलं, दोन दिवसांत पाटी बदलून घेतो. पण उद्घाटन झालंच होतं आणि चैत्राचं ऊन तापत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.तून सात माणसं उतरली आणि सातही सरळ माझ्या बाकड्यावर येऊन बसली. मला गहिवरून आलं. मी प्रश्नांचा कागद काढला.

"दोन गार द्या," पहिला म्हणाला.

"इथं सल्ला मिळतो."

"चालते. पन गार हाये ना?"

दुसऱ्यानं त्याला समजावलं, "अबे, नवीन निघालं असन. मंबईवरून येत असन बाटलीत. सल्ला."

"आंबट राह्यते का गोड?" तिसऱ्यानं मला विचारलं.

मी उभा राहिलो. शिबिरात शिकवलं होतं, ग्राहकाशी बोलताना उभं राहावं. मी म्हटलं, "हे पहा, तुम्हाला एखादा कारखाना काढायचा असेल तर त्यासंबंधी मी मार्गदर्शन करीन."

मग पहिला हळूच म्हणाला, "यायले ऊन लागलं वाटते. पानी असन तर आधी यायलेच पाजा."

आतून आशाबाईनं माठ आणून ठेवला. फक्त माठ जरा आपटून ठेवला. लोक पाणी प्याले, पुढची एस.टी. आली तसे गेले. जाताना एकानं म्हटलं, "सल्ला चांगला हाये. नुसत्या पान्यासारखा लागते."

असे पंधरा दिवस गेले. पाटी बदलायला तुळशीराम रोज 'उद्या येतो' म्हणायचा. दिवसाला दोन माठ सल्ला जायला लागला. उद्योग काढायला कोणी आलं नाही. मग एक दिवस साहेब आले.

साहेब कुठल्या कचेरीतले ते सांगत नाही, कारण ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. खाती नुकतीच नव्यानं वाटली होती. त्यांनी सायकल पाटीखाली लावली, पाटी उतरवून घेतली, म्हणजे वहीत, आणि विचारलं, "शीतपेयाचा परवाना?"

मी सगळं समजावून सांगितलं. फळी, तुळशीराम, निळा रंग. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे गार विकत नाही?"

"नाही."

"मग हा माठ?"

"तो पाण्याचा."

"गार आहे?"

"आहे."

"मग?" साहेब म्हणाले. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली, माठातलं पाणी भरलं, बूच लावलं, लाख लावली आणि चिठ्ठीवर लिहिलं: 'सल्ला (गार). नमुना एक.' "तपासणीला शहरात जाईल. अहवाल आल्यावर बघू."

"तोवर मी पाटी बदलून घेतो, साहेब."

साहेब दचकले. "छे, छे! पाटीला हात लावायचा नाही! ती पुरावा आहे. अहवाल येईपर्यंत आहे तशी राहिली पाहिजे. बर्फासकट!"

आता बोला. चुकीची पाटी काढणं हा गुन्हा, आणि ठेवली तर माझी अब्रू जाते. फाट्यावरच्या लोकांनी तर माझं नावच 'गारवाले' पाडलं. बायको माहेरी गेली तर तिला तिथं म्हणायचे, आली गारवालीण. त्या दिवशी आशाबाईनं कॅलेंडरवर पोळ्याच्या तारखेभोवती काजळाचा गोल केला.

जेठ लागला आणि झुंबरबाई आल्या.

झुंबरबाई पलीकडच्या मळ्यातल्या. घरचा भाजीपाला करायच्या, आणि बाजाराच्या दिवशी फाट्यावर भाकर आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसायच्या. त्यांची चटणी ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी डब्यात भरून न्यायची. त्या माठाजवळ बसल्या, दोन गडवे पाणी प्याल्या आणि उजवा खांदा दाबत म्हणाल्या, "भौ, ते सल्ला म्हंतेत ते काय राह्यते?"

महिन्या-दीड महिन्यात हा प्रश्न प्रथमच कोणी सरळ विचारला होता. मी घाईघाईनं कागद काढला. एकवीसच्या एकवीस प्रश्न विचारले. तुमचा माल कोण घेतो? तोच का घेतो? दुसऱ्याचा का घेत नाही? तुमचं काम कुठं अडतं? त्या सावकाश, आठवून आठवून उत्तरं देत होत्या. एखाद्या प्रश्नाला थांबायच्या, रस्त्याकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "हे तं मले कोणी इचारलंच नव्हतं बाप्पा!" दोन तास गेले. कळलं ते असं, की गिऱ्हाईक होतं, चटणी पुरत नव्हती, आणि उखळात कुटून कुटून बाईंचा खांदा कामातून चालला होता. आणखी एक पावसाळा तो टिकेल असं त्यांना वाटत नव्हतं.

मी डोळे मिटून विचार केला. मग सल्ला दिला.

"चटणी सोडा," मी म्हटलं. "खडूचा कारखाना काढा."

"कायचा?"

"खडू. गावोगाव शाळा निघताहेत. फळे वाढणार, तसे खडू वाढणार. चटणीला भविष्य नाही."

झुंबरबाईंनी पदर खोचला. मग "हाव," म्हणाल्या, आणखी एक गडवा पाणी प्याल्या आणि गेल्या. मी आशाबाईला म्हटलं, "बघितलं? पहिला कारखाना!"

"त्याइच्या चटणीचं काय होईन?" आशाबाई म्हणाली. यंत्रयुगात बायकांची दृष्टी स्वयंपाकघराबाहेर जात नाही, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

आठवड्यानं झुंबरबाई परत आल्या. बरोबर दोन पोती. मला वाटलं, खडूची माती आणली. उघडलं तर शेंगा. खरपूस भाजलेल्या, वास घमघमत होता.

"ते कोपऱ्यातलं उघडा, भौ," त्या शेंगफोड्याकडं बोट करून म्हणाल्या. "लोक सांगतेत का त्याच्यातून कूटच पडते."

"बाई, ते यंत्र शेंगा फोडायचं आहे. त्यातून दाणे अख्खे पडायला पाहिजेत. ते नापास झालेलं यंत्र आहे."

"मले कुठी अख्खे पायजेत? मले कूटच पायजे."

"नाही म्हणजे नाही! शेंगफोड्याचा चटणीसाठी वापर? मी दोन वर्षं यंत्रशाळेत काय पाटा-वरवंटा शिकलो? तुम्ही खडूचं काय केलं ते सांगा."

मी टेबलापाशी तोंड फिरवून बसलो. अपमान पचवायला मला साधारण अर्धा तास लागतो. पण पाच मिनिटांतच पाठीमागं इंजिन फटफटायला लागलं. आशाबाईनं पोतं काढलं होतं आणि हँडल मारलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, तिला इंजिन चालू करता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मी इतके दिवस घरात ओरडून ओरडून चालू करत होतो, ती बघत होती.

वरून भाजलेल्या शेंगा गेल्या. टरफलं उडाली. दाण्यावरची लाल सालंसुद्धा उडाली, ती भाजल्यामुळं सुटी झाली होती. भाजलेली शेंग टाकून बघायचं मला दोन वर्षांत कधी सुचलं नव्हतं. आणि खाली टोपलीत पडायला लागलं ते एकसारखं, रवाळ, कोरडं, सुंदर कूट. झुंबरबाईंनी चिमूटभर तोंडात टाकलं.

"मीठ तेवढं टाकाव लागते," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दर बाजाराच्या आदल्या दिवशी दुकानात इंजिन फटफटायचं. माझी सल्ल्याची जागा टरफलांनी भरून जायची. रामराव पोस्टमास्तर ओट्यावरून सांगायचे, "तिखट आधी टाक... नाही, मागून टाक!" आणि त्यांचा सल्ला याही वेळी कोणी घेत नव्हतं. आखाडात झुंबरबाईंनी मदतीला दोन बाया ठेवल्या. श्रावणात मेहकरच्या एस.टी.नं चटणीचे डबे जायला लागले. मी मात्र कोणाशी बोलत नव्हतो. शेंगफोड्याची फोडणी झाली होती. आणि माझ्या हिशेबी खडूचा कारखाना काही निघालेला नव्हता. म्हणजे माझ्या सल्ल्यानं उभा राहिलेला एकही धंदा नाही, आणि पोळा उद्यावर.

पोळ्याच्या दिवशी शेषराव आला. नवा सदरा, गुलाल लावलेलं कपाळ, आणि हातात माझ्यासाठी जिनिंगचा बिल्ला. नमुन्याचा. "उद्या सकायी सातले, भाऊजी," तो म्हणाला. "मी सायबाले सांगून ठेवलं, आपला मानूस हाये, सांभाळून घ्या."

तेवढ्यात पोस्टानं साहेबांचं पाकीट आलं. आता पोस्ट म्हटल्यावर पोस्टमास्तरांच्या हातात ते गेलंच; निवृत्त झाले तरी सवय जात नाही. त्यांनी फोडून सगळ्या फाट्याला मोठ्यानं वाचून दाखवलं:

"'विषय: सल्ला, गार. सदर नमुना तपासला असता रंगहीन, गंधहीन व निरुपद्रवी आढळला. त्यात कोणतेही सत्त्व आढळून आले नाही. सेवन करण्यास हरकत नाही.'"

बैल घेऊन उभे असलेले लोक हसले. मला वाटलं, बैलही हसले. मी टोपी घातली आणि शेषरावाच्या हातातला बिल्ला घेतला. म्हटलं, चला. सरकारनंच सांगितलं, सत्त्व नाही.

"थांबा," आशाबाई म्हणाली. झुंबरबाई नैवेद्याच्या पुरणपोळ्या द्यायला आल्या होत्या, त्यांच्याकडं ती वळली. "झुंबरबाई, देवाले स्मरून सांगा. तुमचा धंदा यायच्या सल्ल्यानं उभा राह्यला का?"

मी खाली मान घातली. बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

"हाव," झुंबरबाई म्हणाल्या.

"कसा? यायनं तं खडू सांगतला व्हता!" शेषराव ओरडला.

"सांगतला ना. सल्ला काही कामाचा नव्हता. पन त्याच्या आंधी दोन तास इचारून राह्यले, माह्याच चटणीचं मलेच. कोन घेते, काऊन घेते, काम कुठी अडते. तीस वर्सं झाली चटणी कुटतो, एका मानसानं इचारलं नाही का बाई, तुहं कुठी अडते. सांगता सांगता मलेच समजलं. मंग हे म्हणे चटणी सोड, तं असा राग आला मले, असा राग आला, का म्हनलं आता तं सोडतच नाही! अन् ते यंतर कोनाचं हाये? तुह्या बापाचं?"

शेषराव एक पाऊल मागं सरकला.

आणि तेव्हा मला एकदम आठवलं, झेंडूचा हार घातलेले ते साबणवाले शेवटी काय म्हणाले होते. "आधी विचारा. मग ऐका. मग जमलं तर गप्प बसा." पहिल्या दोन गोष्टी मी नकळत केल्या होत्या. तिसरीला चुकलो होतो.

आशाबाईनं माझ्या हातातला बिल्ला काढून घेतला. "हे घे," ती भावाला म्हणाली. "एखांद्या बैलाले बांध."

दुसऱ्या दिवशी तुळशीराम डबा-कुंचला घेऊन आला. अहवाल आला, पाटी बदलायला आता मोकळीक होती. मी पाटीकडं बघितलं. एस.टी. थांबली होती आणि उतरलेली माणसं सवयीनं माझ्या बाकड्याकडं येत होती. मी म्हटलं, राहू दे. हवं तर बर्फाला एक हात मार, रंग उडालाय.

त्या गर्दीत शेषरावही होता. जिनिंगची वेळ टळून गेली होती. तो बाकड्याच्या अगदी टोकाला बसला, लोक पांगायची वाट बघत राहिला, आणि मग पाटीकडं बघत हळूच म्हणाला, "भाऊजी... त्या फाटकावर बारा वर्सं झाली मले. कोणाले सांगू नका. पन सरकीचं काही करता येईन का?"

माझ्या ओठांवर तीन सल्ले आले. एक तर फारच उत्तम होता. मी तिन्ही गिळले, माठातला गडवा भरून त्याच्यापुढं ठेवला आणि कागद काढला.

"प्रश्न पहिला," मी म्हटलं.